पाच नंबर बंद पडला की

अल्बीना सेडलाचेक घाबरट आहे, हे आमच्या प्रोसेकमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. नेब्रास्कातलं हे एवढंसं गाव, सगळी चेक माणसं, त्यात कुणाचं काय लपणार? पण ती नेमकी कशाला घाबरते, हे नीट समजून घ्यायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. वादळाला ती घाबरत नव्हती. वादळाचा भोंगा वाजला की बाकीच्या बायका पोरं काखोटीला मारून तळघराकडे पळायच्या, आणि ही बाई चुलीवरचं भांडं फडक्यात धरून सावकाश जिना उतरायची, जेवण करपायला नको म्हणून. गोठ्यात साप निघाला तेव्हा तो तिनंच फावड्यानं बाहेर काढला. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, बोळाच्या पलीकडे, विटांच्या भिंतीमागे उभी होती. गावाच्या वीजघरातला पाच नंबर.

पाच नंबर म्हणजे डिझेलवर वीज काढणारं पाचवं आणि सगळ्यात मोठं धूड. वर्षातले बहुतेक दिवस ते नुसतं बसून असायचं. आमची वीज बाहेरून तारांवरून येते. पण उन्हाळ्यात असे काही दिवस उगवतात की घरोघरचे एसी एकदम घरघरायला लागतात, आणि त्या दुपारी गावानं बाहेरून जास्त वीज ओढली, तर त्या एका तासाच्या मापानं पुढचं वर्षभर बिल येतं. म्हणून तशा दुपारी वीजघरात फोन वाजतो आणि आमची यंत्रं उठतात. पाच नंबर उठला की अल्बीनाच्या कपाटातल्या कपबश्या थरथरायच्या, खिडकीच्या काचा बारीक सुरात गुणगुणायच्या. पाहुण्यांचं डोकं उठायचं त्यानं. हिचा मात्र तोवर जीव थाऱ्यावर असायचा. काचा गुणगुणताहेत म्हणजे यंत्र चाललंय, यंत्र चाललंय म्हणजे तिचा नवरा लुमीर त्याच्या शेजारी तेलाचं फडकं खांद्यावर टाकून धडधाकट उभा आहे.

काम संपल्यावर यंत्र बंद करतात तेव्हा ते हळूहळू मंदावतं. ते तिला कळायचं. पण कधी कधी यंत्रात काही बिघडलं की ते आपसूक, एकदम थांबतं. कपबश्या एकदम गप्प होतात. ती शांतता झाली की अल्बीना हातातलं काम तिथेच टाकायची.

याला कारण होतं. तिचा थोरला भाऊ अँटन त्याच वीजघरात कामाला होता. पाच नंबर तेव्हा नवाकोरा होता, सगळं गाव रविवारचे कपडे घालून तो बघायला यायचं. एका दुपारी तो असाच एकदम थांबला. आत एक बेअरिंग जळत होतं आणि यंत्राच्या पोटातल्या तेलाची तापून वाफ झाली होती. अशा वेळी करायचं काही नसतं, नुसतं थांबायचं असतं. यंत्र निवेपर्यंत बाजूचं झाकण उघडायचं नाही, कारण बाहेरची हवा आत शिरली की ती वाफ पेट घेते. अँटनला घाई होती. अल्बीना त्याचा डबा घेऊन दारात पोचली आणि तेवढ्यात त्या झाकणातून आग बाहेर आली, छतापर्यंत गेली आणि परत आत शिरली. आवाज झाला म्हणतात. तिला आवाज आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की अँटन आपल्या पायांनी चालत बाहेर आला, आणि तिच्या मनात आलं, यानं शर्ट का काढला? ती त्याचा शर्ट शोधायला लागली. "मी ठीक आहे, अल्बीना," तो म्हणाला, "आईला सांगू नकोस." आठवडाभरात लिंकन शहरातल्या इस्पितळात तो गेला.

त्याचा सोबती लुमीर तेव्हा चार पावलं मागे उभा होता. दोन वर्षांनी तिनं त्याच्याशी लग्न केलं. आता तुम्ही म्हणाल, इतकी भीती होती तर लग्न त्याच वीजघरातल्या माणसाशी कशाला? मला काय विचारता? अँटनबद्दल न बोलता त्याच्याजवळ बसता येईल असा गावात तो एकच माणूस होता. आणि घर लुमीरच्या आईबापांचं, बोळालगतचं. असं तिचं आयुष्य त्या भिंतीला चिकटून राहिलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाच नंबर एकदम थांबला. अल्बीना ओट्याशी उभी होती, नुकत्याच भाजलेल्या कोलाचचं ताट समोर. कोलाच म्हणजे आमचे गोल मऊ पाव, मधल्या खळग्यात खसखशीचं नाहीतर जर्दाळूचं सारण. ती ते ताट तसंच उचलून धावली. दारात पोचल्यावर काय बोलावं ते सुचेना. तीन पुरुष पाने-पकडी घेऊन उभे, सगळे वयानं मोठे. ती म्हणाली, "गरम आहेत. बाहेर बाकावर बसून खाऊन घ्या. आत्ताच." पुरुषमाणसं, खायला नाही कशाला म्हणतील? ते बाहेर येऊन तुतीच्या झाडाखाली बसले. तिनं घरून कॉफी आणली. एक संपला की दुसरा पुढे केला. मधेच आत जाऊन ती हाताची मागची बाजू त्या झाकणाला लावून यायची. लोखंड कोमट लागायला लागलं तेव्हा म्हणाली, "झालं माझं. करा तुमचं काम."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. पाच नंबर एकदम बंद पडला की अल्बीना येणार, ताट येणार, आणि ताट रिकामं होईपर्यंत कुणी झाकणाला हात लावणार नाही. उन्हाळाभर तिच्या घरात कोलाच नसलेला दिवस नसायचा. अँटननंतर थांबण्याचा नियम लाल रंगात भिंतीवर लिहिला होता म्हणा. पण घाईच्या दुपारी लाल अक्षरं कोण वाचतो? खसखशीचा वास मात्र सगळ्यांना यायचा.

आणि गाव हसायचं. कुबाच्या बारमध्ये लुमीर बिअर घ्यायला गेला की कुणीतरी विचारायचंच, "काय रे, आज बायकोनं यंत्र चालू ठेवायची परवानगी दिली का?" आमचं वीजघर अर्धं डिझेलवर आणि अर्धं जर्दाळूवर चालतं, हा विनोद तर दरवर्षी नव्यानं व्हायचा. लुमीरही हसायचा. तो मुळात कमी बोलणारा. 'बरं' आणि 'बघू' या दोन शब्दांवर त्यानं अर्धा जन्म काढला. हसून घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. अल्बीनाला हे कळत होतं. हसू देत, ती म्हणायची, हसणारा माणूस जिवंत असतो. पण लागायचं तिला. बायकोला सगळं गाव वेडी म्हणतंय आणि नवरा त्यांच्याबरोबर हसतोय, तर लागणारच.

मग फेब्रुवारीतला सोंगांचा नाच आला. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू होण्याआधी आम्ही लॉजच्या, म्हणजे आमच्या चेक मंडळाच्या, हॉलमध्ये सोंगं काढून नाचतो. त्या वर्षी मिलो झाबकानं अल्बीनाचं सोंग काढलं. हा मिलो वीजघरातच कामाला, लुमीरच्या हाताखाली, तिला 'तेता' म्हणणारा, म्हणजे मावशी. पोटाला उशी बांधलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात टोपली. अकॉर्डियन थांबलं की हा हॉलभर पळत सुटायचा, "बंद पडला गं बाई, बंद पडला, खा, खा, मेल्या खा!" आणि दिसेल त्याच्या तोंडात पाव कोंबायचा. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. अल्बीना हसली, दुसरं करणार काय? मग तिनं लुमीरकडे पाहिलं. तो डोळे पुसत हसत होता. इतका मोठ्यानं हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

घरी जाताना बर्फातून चालता चालता ती म्हणाली, "आजपासून मी त्या दारात पाऊल टाकणार नाही. तुमचं यंत्र, तुमचा जीव."

"बरं," लुमीर म्हणाला.

एवढंच. तिला वाटलं होतं, निदान 'अगं, चेष्टा होती' म्हणेल. त्या वसंतात तो रात्री उठून ओट्याशी पाणी पीत उभा राहायचा. वय झालं, ती मनात म्हणायची, आणि कूस बदलायची. तिलाही झोप नव्हतीच. तिनं कोलाच करणं सोडलं. खसखशीचा डबा वरच्या फळीवर गेला.

जुलैत उन्हानं हद्द केली. मक्याची पानं गुंडाळून गेली, डांबर चपलेला चिकटायला लागलं. वीजघरात त्या वर्षी नवा साहेब आला होता, वेन्डल ओस्टर. माणूस वाईट नव्हता. पण आदल्या वर्षी ऐन मोक्याच्या तासाला यंत्र दगा देऊन गेलं होतं, आणि गावाच्या काउन्सिलनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की यंदा तो तास हुकला तर दुसरी नोकरी बघ. लुमीरनं हे सकाळी अंडी खाता खाता सांगितलं. सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. ती भांडी घासत राहिली.

दुपारी काचा गुणगुणायला लागल्या. ती टेबलाशी घेवडा निवडत बसली. एक शेंग, दुसरी शेंग. कपबश्या थरथरत होत्या आणि तिचं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं.

आणि त्या एकदम गप्प झाल्या.

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.  ती मनाशी म्हणाली, लुमीरला अक्कल आहे. नियम लिहिलेला आहे. तो थांबेल. मग ओस्टर आठवला. मग उघड्या खिडकीतून वास आला, जळक्या तेलाचा. तो वास तिनं एकदाच घेतला होता, डबा हातात असताना.

ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. का थांबली, सांगू? हात रिकामे होते म्हणून. घरात एक कोलाच नव्हता. रिकाम्या हातानं कसं जायचं आणि काय म्हणायचं, हा विचार त्या बाईला तिथे, त्या घटकेला पडला. आणि फेब्रुवारीत घेतलेली शपथ. आणि त्या दारात उभी राहून पुन्हा एकदा सगळ्यांचं हसणं. ती जाळीच्या दाराला धरून उभी राहिली. मग ती घरातल्या सपाता घालून तशीच बोळ ओलांडून धावली.

वीजघरात भट्टीसारखं तापलं होतं. ओस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा. मिलो बॅटरी धरून उभा. आणि लुमीर पाच नंबरच्या झाकणासमोर गुडघ्यांवर, हातात पाना. नट जमिनीवर ओळीनं काढून ठेवलेले. झाकणावर दोनच उरले होते.

तिला ओरडायचं होतं. पण काय ओरडायचं? इतकी वर्षं तिनं आपली भीती ताटात वाढून दिली होती, तोंडानं कधी उच्चारलीच नव्हती. लुमीरनं मान वळवून पाहिलं. आधी तिच्या तोंडाकडे, मग तिच्या हातांकडे.

"मिसेस सेडलाचेक," ओस्टर म्हणाला, "आज नको. ते तुमचं ताट मी ऐकून आहे, पाया पडतो, आज नको."

"मी काही आणलं नाहीये," ती म्हणाली.

"मग कशाला आलात?"

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते हो बाई," ओस्टर म्हणाला, आणि खरंच सांगत होता तो, घामानं निथळत होता. "तो मोक्याचा तास अजून हातात आहे. आत काय झालंय ते बघू द्या, झालं तर परत चालू करतो. लुमीर, काढ ते दोन."

लुमीरनं पाना जमिनीवर ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी उघडत नाही. मला भीती वाटते."

हे तो इतक्या हळू म्हणाला की मिलोनं विचारलं, "काय म्हणालास?"

"भीती वाटते म्हणालो. तिचं नाही सांगत, माझं सांगतोय. हे बघ." त्यानं हात पुढे केले. ते कापत होते. इतकी वर्षं सगळ्या गावाबरोबर हसून वेळ मारून नेणारा माणूस, आणि त्याला ते हात लपवता येत नव्हते.

ओस्टरचा चेहरा लाल झाला. "मग हो बाजूला, मी काढतो," असं म्हणून त्यानं पाना उचलला आणि आधारासाठी डावा तळवा झाकणावर टेकला. टेकला तसाच झटकन मागे घेतला. त्यानं तळव्याकडे पाहिलं. तळवा लालबुंद झाला होता.  यंत्राच्या आत कुठेतरी तापलेलं लोखंड टिक टिक करत होतं.

"इथेच," लुमीर म्हणाला, "अँटन इथेच उभा होता."

सगळ्यात आधी मिलो बाहेर पडला, बॅटरी घेऊनच. मग ओस्टर. अल्बीना दारातून हलली नाही, लुमीर तिच्यापर्यंत पोचेपर्यंत. मग ती दोघं तुतीखालच्या बाकावर येऊन बसली. खायला काही नव्हतं, प्यायला काही नव्हतं. समोरच्या रस्त्यावर ऊन रटरटत होतं आणि तो मोक्याचा तास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. ओस्टर फोन करायला गेला तेव्हा त्याचे खांदे पडलेले होते.

संध्याकाळी, लोखंड निवल्यावर, झाकण काढलं. आतलं बेअरिंग वितळून लोण्यासारखं पसरलं होतं. झाकण तेव्हाच उघडलं असतं तर भडका उडाला असता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. कुबाच्या बारमध्ये यावर अजून वाद होतात. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी खुशाल घालावा, त्यांचा नवरा त्या झाकणासमोर गुडघ्यांवर बसला नव्हता.

घरी आल्यावर अल्बीनानं पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला आणि समोर बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वेड पांघरू नकोस, लुमीर. भीती कधीपासून वाटते तुला?"

त्यानं पेला दोन्ही हातांत धरला. "अँटन गेला तेव्हापासून. दरवेळी वाटते. फोन वाजला की आधी अँटन आठवतो. पण तू यायचीस. मी त्यांना म्हणायचो, अल्बीना आली, खाऊन घेऊ या. एवढं म्हटलं की झालं. मला काही कबूल करावं लागायचं नाही."

"आणि सगळं गाव मला हसायचं."

"हो."

"आणि तू त्यांच्यात बसून हसायचास."

त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तू येणार नाहीस म्हणालीस ना, त्या दिवसापासून मला झोप नाही."

तिला रडू आलं, आणि रडू येण्याआधी राग आला. एका बिछान्यात इतकी वर्षं, एकाच गोष्टीला घाबरत, दोघं पाठीला पाठ लावून जागी. एक शब्द टाकला असता यानं तर तिला निदान सोबत झाली असती. तिला ताट फेकून मारावंसं वाटलं. मग तिला त्याचे ते कापणारे हात दिसले, आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. डोळे पुसले, उठली आणि पायांत बाहेरचे बूट घातले.

"चल."

"कुठे?"

"कुबाकडे. शनिवार आहे, सगळे असतील. जा आणि सांग."

"काय सांगू?"

"कोलाच कुणासाठी यायचे ते."

बाहेर अजून उजेड होता. लुमीरनं पिकअप कुबाच्या दारासमोर उभी केली, किल्ली काढली आणि ती हातात धरून बसून राहिला. आतून रेडिओवरच्या बेसबॉलचा गलका येत होता.

"सोमवारी सांगितलं तर?"

"नाही."

"अल्बीना, त्यापेक्षा मी ते झाकण उघडतो."

इतर कुठल्या दिवशी तिला हसू आलं असतं. आज ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. शेवटी तो उतरला. दाराशी जाऊन त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि आत गेला.

ती खिडकी खाली करून बसली. आत गप्पा चालू होत्या, ग्लास आपटत होते. मग कुणीतरी रेडिओ बारीक केला. आणि एकदम सगळं गप्प झालं.  आयुष्यभर ती त्या शांततेला घाबरली होती, पण तेव्हा निदान धावत जायला एक दार असायचं. आता तो आत एकटा होता आणि त्याला तिनंच पाठवलं होतं. काय केलं मी हे, तिच्या मनात आलं, त्याला त्या माणसांत काढून दिलं.

शांतता लांबत गेली. मग आत कुणीतरी हसलं. एकच जण, पण हसलं.

अल्बीना पिकअपमधून उतरली, कुबाचं दार ढकलून आत गेली आणि लुमीरच्या शेजारच्या स्टुलावर बसली. कोण हसलं ते तिनं पाहिलं नाही. लुमीरचे हात काउंटरवर उघडे होते. तिनं आपलेही हात त्यांच्या शेजारी ठेवले, तेही कापत होते.

"हसा," ती म्हणाली. "आता आम्हा दोघांना हसा."